फुग्याला नाक नसतं

नाही, तुम्हीच सांगा, फुग्याला नाक असतं का? अठरा वर्षं झाली मला गरम हवेचा फुगा उडवायला लागून, लक्सरच्या पश्चिम काठावरून, रोज सूर्य उगवायच्या आत, सोळा-सोळा पाहुणे टोपलीत उभे करून... चिनी नेले, ब्राझीलचे नेले, एकदा एक जोडपं नेलं ते वर जाईपर्यंत नवरा-बायको होतं आणि खाली येईपर्यंत राहिलं नव्हतं... तर मुद्दा असा की या अठरा वर्षांत फुगा मी पुढून पाहिला, मागून पाहिला, आत शिरून त्याची ठिगळं मोजली, नाक कुठे दिसलं नाही. आणि कैरोच्या परीक्षेत मला प्रश्न काय? ‘विमानास सरळ पूर्वेस जावयाचे असल्यास वैमानिकाने नाक कोणत्या दिशेस ठेवावे?’ मी लिहिलं, ‘नाक नाही.’ खरं ते लिहिलं. कोपऱ्यात लाल शाईने शून्य आलं, आणि शून्याच्या बाजूला एक प्रश्नचिन्ह. शून्याबद्दल तक्रार नाही हो माझी, पण प्रश्नचिन्ह कशाला?

त्याचं झालं असं की यंदा नियम निघाला, परवाना नव्याने हवा असेल तर लेखी परीक्षा. उडतं ते सगळं एकच, असं कैरोतल्या कुठल्याशा टेबलावर ठरलं, आणि विमानवाल्यांची प्रश्नपत्रिका उचलून आम्हा फुगेवाल्यांच्या पुढ्यात टाकली. तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालात की परवाना रद्द, आणि माझी टोपली जाणार कुणाला, तर त्या हग्गागला, माझ्या हाताखाली सात वर्षं दोर ओढलेल्या माणसाला, जो अजून पाहुण्यांना सांगतो की या पट्ट्या खेचल्या की फुगा वळतो. वळतो म्हणे. फुगा वळत नाही, वारा वळतो. आपण फक्त नम्रपणे सोबत जायचं असतं.

आणि त्या प्रश्नपत्रिकेत पहिल्या ओळीपासून एकच टुमणं: ‘शांत हवेत विमानाचा वेग ताशी एकशे वीस किलोमीटर आहे.’ शांत हवेत. पुढचा प्रश्न: ‘शांत हवेत वेग ताशी दोनशे.’ त्याच्या पुढचा: ‘शांत हवेत...’ अहो, शांत हवा कुणी पाहिलीय? पन्नास वर्षांचा झालो मी, वाऱ्यावर पोट आहे माझं. खाली वारा, वर वारा, नदीवर वेगळा, डोंगराजवळ वेगळा, माझ्या बायकोला तर माझ्या जोड्यांच्या आवाजावरून कळतं आज वारा कुठला होता. शांत हवा कुणी पाहिलीय?

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा म्हटलं, आता शहाणपणा नको, आकृती काढायची, बाण काढायचे, पायथागोरसला स्मरायचं. प्रश्न आला: विमान उत्तरेकडे तोंड करून निघालंय, शांत हवेत ताशी एकशे वीस, पश्चिमेकडून वारा ताशी पन्नास, तर प्रत्यक्ष वेग आणि दिशा काय? काढली आकृती. वेग काढला एकशे तीस. बरोबर. दिशा काढली, कोनमापक लावला, कागदाच्या वरच्या टोकापासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं, दोनशे तीन अंश. पेपर तपासणारे साहेब म्हणजे चष्मा कपाळावर, आवाज असा की शिक्का मारतायत. मला समोर बसवलं आणि म्हणाले, “कॅप्टन शाझली, विमान निघालंय उत्तरेला. अलेक्झांड्रियाला. बरोबर?”

“बरोबर साहेब.”

“मग तुमच्या उत्तरातले प्रवासी सुदानात कसे उतरले?”

मी म्हटलं, “वारा होता साहेब.”

“ताशी पन्नासचा वारा विमानाला पाठमोरं करतो?”

“आमच्याकडे करतो.”

दुसऱ्यांदा नापास. गाडीने दहा तास परत, मांडीवर डबा, डब्यात बायकोने दिलेली मसालेभात भरून भाजलेली कबुतरं, ती तशीच परत. दारात पाऊल टाकतो तो बायको उभी. “अबू नूर, झालं का?” माझी थोरली नूर, म्हणून मी अबू नूर, नूरचा बाप. म्हटलं, “एकदा उरलंय.” ती नुसती आत गेली आणि चहा आणला, आणि चहात साखर नेहमीपेक्षा जास्त. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी ठरलंय. म्हणाली, “मी ताईशी बोललेय.”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. वगीदा. सगळा पश्चिम काठ तिला अब्ला वगीदा म्हणतो, अब्ला म्हणजे बाई, मास्तरीणबाई. अठ्ठावीस वर्षं बारावीच्या पोरापोरींना गणित शिकवतेय, शाळेत शिकवते ते वेगळं आणि संध्याकाळी घरी बैठकीत शिकवणी घेते ते वेगळं, आणि खरं गणित ते बैठकीतलंच, हे कुणालाही विचारा. तिच्या हातून नापास झालेला माणूस पुढे आयुष्यात कुठेच पास झालेला नाही, असं गावात म्हणतात. मी म्हटलं, “मी जाणार नाही. पन्नाशीचा पायलट मी, पोरींच्या शेजारी बाकावर बसू?” बायको म्हणाली, “मग हग्गागच्या हाताखाली दोर ओढा.”

गेलो.

पाच पोरी आणि मी. बाकाच्या टोकाला मला जागा दिली, अर्धा मी बाकावर, अर्धा हवेत... आयुष्यभर सवय आहे म्हणा. पहिल्याच दिवशी अब्लाने फळ्यावर लिहिलं: ‘शांत हवेत...’ आणि माझं तोंड उघडलं. उघडायला नको होतं. म्हटलं, “अब्ला, शांत हवा कुणी पाहिलीय?”

पोरींचे खडखड चालणारे पेन थांबले. अब्लाने खडू खाली ठेवला. “शाझली, तू सरळ रेषा पाहिलीयस?”

“पाहिलीय.”

“कुठे?”

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंत वाकडी, चौकट वाकडी, बाक तर वाकडाच.

“बिंदू पाहिलायस? ज्याला लांबी नाही रुंदी नाही? नाही ना? तरी गणित चालतं ना? मग गप बस आणि विमानाला वारा लाव.”

लावला. उत्तर आलं. मी मोठ्याने म्हटलं, “एकशे तीस.”

“एकशे तीस काय?”

“म्हणजे?”

“एकशे तीस काय? कांदे? गाढवं? मेहुण्या?”

पोरींनी तोंडात ओढण्या कोंबल्या. त्यातली एक, दुहा नावाची, माझ्या नूरपेक्षाही लहान, हळूच कुजबुजली, “काका, एकक. एकक लिहिलं नाही तर अब्ला अर्धा मार्क कापते. स्वतःच्या नवऱ्याचापण कापला होता.” नवऱ्याचा कसला पेपर, विचारायचं धाडस झालं नाही.

तर असं तीन आठवडे. सकाळी वाऱ्यात, संध्याकाळी शांत हवेत. वेग माझा नेहमी बरोबर, दिशा माझी नेहमी सुदानात. अब्ला म्हणायची, “तुला अठरा वर्षं पाहुणे परत कसे सापडले?” हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. म्हटलं, “अब्ला, पाहुण्यांच्या बाबतीत बोलायचं नाही. एकदा मी भर लग्नात उतरलोय, वरातीच्या मधोमध, नवरीच्या आईने सोळाच्या सोळा पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यातला एक जर्मन अजून तिथेच आहे, त्याला दोन मुलं झाली. पण मी उतरलो तिथेच, जिथे उतरणार म्हणून सांगितलं होतं. माझा मरई, जमिनीवरचा माझा माणूस, पिकअप घेऊन माझ्या आधी तिथे पोचलेला असतो. चहा उकळून.”

“तुझ्या आधी म्हणजे?”

“म्हणजे मी वरूनच त्याला सांगतो, कुठे येतोय ते.”

अब्ला थांबली. तिच्या डोळ्यात ती चमक आली, जी पोरींच्या वह्या तपासताना चूक सापडली की यायची. “कसं सांगतोस?”

आता यात सांगण्यासारखं काय आहे? म्हटलं, “बघा, आज सकाळचंच घ्या. खालचा वारा नदीकडे, पूर्वेला नेतो, त्यात वीस मिनिटं राहिलो, तीनेक किलोमीटर सरकलो. मग गॅस मारला, वर गेलो, तिथे उत्तरेचा वारा, तो दक्षिणेला नेतो, त्यात वीस मिनिटं, चारेक किलोमीटर. म्हणून मरईला म्हटलं, सलीमच्या उसापलीकडे, लंगड्या म्हशीच्या गोठ्यापाशी थांब.”

अब्लाने फळ्यावर तीन लिहिले, चार लिहिले, काटकोन काढला, पाच लिहिले. मग कपाटातून नकाशा काढला, पट्टी ठेवली, आमच्या उडायच्या मैदानापासून गोठ्यापर्यंत मोजलं, आणि खुर्चीत बसली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात बसली, असं दुहा नंतर म्हणाली. “पाच,” अब्ला म्हणाली.

मी म्हटलं, “पाच काय?”

तुम्हाला सांगतो, ते मी बोलायला नको होतं. पण बाकावर तीन आठवडे अर्ध्या हवेत बसलेला माणूस आणखी काय करणार? पोरी ओढण्यांत गुदमरल्या. अब्ला मात्र हसली नाही. म्हणाली, “हे जे तू सांगितलंस, ते आता काढ. बाण काढ.”

काढलं. तिने माझी वही उचलली. बघितली. आडवी धरली. पुन्हा बघितली.

“शाझली, यात कैरो कुठे आहे?”

“खाली.”

“आणि अस्वान?”

“वर.”

“दक्षिण वर?”

मला वाटलं बाईची तब्येत बिघडली. म्हटलं, “अब्ला, नील कुठून येते? अस्वानकडून. जाते कुठे? कैरोला. पाणी वरून खाली येतं की खालून वर चढतं? आणि आपल्याला वरच्या इजिप्तची माणसं म्हणतात ती काय उगाच? मी वर अस्वानला जातो आणि खाली कैरोला जातो, माझा बाप जायचा, आजा जायचा. दक्षिण वर नाही तर काय बाजूला ठेवू?”

वर गच्चीवर कबुतरं घुमत होती. मग दुहा खाली मान घालून म्हणाली, “अब्ला, मीपण तशीच काढते. फक्त शेवटी कागद फिरवते आणि मग कोन मोजते.” आणि तिच्या शेजारची म्हणाली, “मीपण.” आणि तिसरी. पाचीच्या पाची. सगळा पश्चिम काठ, लहानथोर, दक्षिण वर धरून गणित करत होता आणि शेवटी गपचूप कागद फिरवत होता, आणि मला एकट्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवडे! एकेक आकृती माझी बरोबर होती हो, फक्त डोक्यावर उभी होती.

अब्लाने वही मिटली. “जा. काढ तुझ्या पद्धतीने, कागद फिरव, मग कोन मोज. आणि एकक लिही.”

मी दारात वळलो. जित्याची खोड. म्हटलं, “आणि पास झालो तर?”

“झालास तर मी तुझ्या टोपलीत बसेन.”

पोरींनी एकमेकींना चिमटे काढले. कारण अब्ला वगीदा, तुम्हाला माहीत नसेल, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढत नाही. तिच्या घराची गच्ची तिने पाहिलेली नाही, कबुतरांना दाणे नवरा घालतो. गावातल्या सगळ्या बायका कधी ना कधी माझ्या फुग्यात बसल्या, अब्ला नाही. ती म्हणते, मी जमिनीवरची बाई.

तर तिसऱ्यांदा कैरो. तेच साहेब, तोच चष्मा. प्रश्न: विमान दक्षिणेकडे, शांत हवेत ताशी ऐंशी, पूर्वेकडून वारा ताशी साठ. मी आकृती काढली, दक्षिण वर, झकास, नील जशी देवाने ठेवली तशी. शंभर आले. मग घाम पुसला आणि कागद फिरवला.

“काय चाललंय?” साहेब.

“कागद फिरवतोय साहेब.”

“का?”

“कैरोला वर आणतोय.”

साहेब मग स्वतः उठून मागे येऊन उभे राहिले. मी कोनमापक लावला. दोनशे सतरा अंश. फिरवला नसता तर सदतीस आले असते, आणि प्रवासी सुदानऐवजी सिनाईच्या बाजूला गेले असते, तेवढीच सुधारणा. उत्तर लिहिलं: शंभर. हात थांबला. कानात आवाज आला, कांदे? आणि मी लिहिलं, ‘किलोमीटर, ताशी.’ दोनदा अधोरेखित केलं. साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, पहिल्यांदाच, आणि म्हणाले, “पोचले प्रवासी.”

पास झालो. परवाना मिळाला. हग्गागने पाठ थोपटली, इतक्या जोरात की त्याच्या मनातलं कळलं. आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी अब्ला वगीदा मैदानावर हजर, काळा झगा, हातात पर्स, पर्समध्ये काय, तर कुराणाची छोटी प्रत, लिंबू, आणि कोनमापक. बोलली ती बोलली. शब्द म्हणजे शब्द. दोन माणसांनी आणि मरईने मिळून टोपलीत चढवलं, चढल्याबरोबर ती तळाला बसली, डोळे मिटले आणि माझा डावा पाय दोन्ही हातांनी धरला. “शाझली, वर गेलो की सांग.”

“गेलो, अब्ला.”

“खोटं. हललं कुठे काही?”

हलत नाहीच, वाऱ्याबरोबर जाणाऱ्याला वारा कळत नाही. तरंगत गेलो गावावरून, छान, सावकाश, मैदान मागे पडलं, शाळा मागे पडली, मी मनात आखलं होतं, बाईला फार लांब नको, नदीपर्यंत, गोठ्यापाशी उतरू, मरई चहा ठेवेल... आणि थांबलो.

थांबलो म्हणजे थांबलो. अठरा वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. खाली बघितलं, खाली एक गच्ची. गच्चीवर कबुतरांचा मनोरा, चादरीवर वाळत घातलेली मुलुखियाची भाजी, आणि डोक्याला हात लावून वर बघणाऱ्या पाच पोरी, कारण त्या खास अब्लाला उडताना बघायला अब्लाच्याच गच्चीवर चढल्या होत्या. गॅस मारला, वर गेलो. वर वारा नाही. गॅस बंद केला, खाली आलो. खाली वारा नाही. वर गेलो, अब्लाची गच्ची. खाली आलो, अब्लाची गच्ची. कबुतरंसुद्धा एका जागी बसून बघायला लागली.

वॉकीटॉकीवर मरई. “कॅप्टन, गाडी कुठे आणू?”

“आणू नको.”

“का? वेग किती आहे?”

“शून्य.”

आणि खालून, टोपलीच्या तळातून, डोळे मिटलेल्या, लिंबू हुंगणाऱ्या बाईचा आवाज:

“शून्य काय?”

तुम्हाला सांगतो, मी हात जोडले. “शून्य किलोमीटर ताशी, अब्ला. शांत हवेत.”

“दिशा?”

“तुमचं घर.”

ते ऐकून तिने एक डोळा उघडला. टोपलीच्या विणीतल्या फटीतून पहिल्यांदा आपली गच्ची पाहिली. म्हणाली, “भाजी उन्हातून काढायला सांग.”

गॅस संपत आला. शेवटी मी दोर सोडला खाली, म्हटलं पोरींनो, ओढा, गच्ची चुकवून शेजारच्या बरसीमच्या, गुरांच्या चाऱ्याच्या शेतात न्या. पाची पोरींनी धरला आणि ओढला, जिला जिकडे तोंड होतं तिकडे. दुहा पूर्वेला, दुसरी पश्चिमेला, तिसरी जिन्याकडे, आम्ही तसूभर हललो नाही. आणि मग अब्ला वगीदा, अठ्ठावीस वर्षं बारावीला बाण शिकवणारी, टोपलीचा काठ धरून उभी राहिली, खाली वाकली, भीतीबिती कुठल्या कुठे, आणि ओरडली, “अगं गाढवांनो, बेरीज शून्य येतेय. सगळ्या एका दिशेने!”

तेव्हा कुठे हललो, आणि उतरलो ते थेट बरसीमच्या मधोमध. पुढचा तास आम्ही शेतातल्या माणसाची समजूत घालत होतो, तो काठी घेऊन आला होता, त्याची समजूत शेवटी अब्लानेच घातली, कारण तिने त्याला शाळेत शिकवलं होतं आणि त्याचा अर्धा मार्क अजून बाकी होता.

आता ती रोज विचारते, उद्या वारा कसा आहे रे, परत कधी नेतोस. आणि बारावीच्या सराव परीक्षेत प्रश्न घातलाय, ‘एक फुगा शांत हवेत एका शिक्षिकेच्या गच्चीवर थांबला आहे, तर त्याचा गॅस किती वेळ पुरेल...’ पोरींना दिला, आणि मलाही सोडवायला पाठवला. सोडवतोय बसून. आता तोंड कुठल्या तोंडाने उघडू? शांत हवा कुणी पाहिलीय म्हणून गावभर विचारत फिरणारा मीच ना. पाहिली बाबा. मी पाहिली, पोटभर पाहिली. हं, आलं उत्तर, एक पूर्णांक दोन-तृतीयांश...

तास. तास. लिहितो.